तालमीत टेप फिरत नाही

माझ्या सासूबाई रेडिओवर चौदा वेळा मेल्या. हिशेब त्यांचाच. दोनदा बाळंतपणात, एकदा विहिरीत, एकदा नवऱ्याच्या हातून आणि उरलेल्या सगळ्या वेळा क्षयाने. "आमच्या वेळच्या लेखकांना क्षय फार आवडायचा गं," म्हणायच्या. रेडिओवर मरायचं कसं, हे त्या येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर समजावून सांगत. आवाज बारीक करायचा नाही, माइकच्या जवळ सरकायचं. लांबून मरणाऱ्या माणसाचं कोणी ऐकत नाही. पाहुणे बिचारे बिस्किट हातात धरून बसायचे, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "आई, आता पुरे, त्यांना जिवंत घरी जाऊ द्या!"

आमचं हे असंच होतं. मी ग्वाल्हेरची, तोंडाने फटकळ. त्या नागपूरच्या, माझ्याहून फटकळ. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर जी मराठी घरं इकडे आली, त्यातलं माझं सासर. सासरे मंत्रालयात बाबू होते. ते गेले तेव्हा सासूबाई एकतीस वर्षांच्या आणि पदरात एक मुलगा, म्हणजे आमचे हे, पहिलीत. अनुकंपेवर त्यांना सासऱ्यांच्याच खात्यात नोकरी मिळाली. आठवडाभर फायली आणि सुटीच्या दिवशी रेडिओ. एकदा मी विचारलं, "एवढ्या दगदगीत हे नाटकाचं खूळ कशाला हो घेतलंत?" म्हणाल्या, "घरी रडले असते तर पोरगा घाबरला असता. तिथे रडले की लोक म्हणायचे, वा, काय रडल्या!" मी कुकर लावायला उठले. काहीतरी बोलायला हवं होतं असं आता वाटतं.

नाटकं सगळी हिंदीत. स्टेशनच हिंदीचं, त्यात कोणाचा काही दोष नाही. सासूबाईंची हिंदी तर अशी की ऐकणाऱ्याला ही बाई लखनौची वाटावी. नागपूरचा मागमूस त्यांनी स्वतःच घासून काढला होता. पण स्टुडिओतून बाहेर पडल्या की पुन्हा "काय करून राहिली गं?" सुरू. या बाईने तीस वर्षं हिंदीत प्रेम केलं, हिंदीत भांडण केलं, हिंदीत प्राण सोडला आणि मराठीत माइकसमोर एक अक्षर काढलं नाही. ती त्यांची सल होती. त्यांनी एक श्रुतिका मराठीत लिहूनही ठेवली होती. निळ्या शाईतली, ऑफिसच्या कोऱ्या कागदांवर, मध्ये दोरा ओवलेली. ती कपाटात साड्यांच्या खाली असायची.

गोष्ट साधी. एक म्हातारी भोपाळ सोडून कायमची नागपूरला निघालीय. शेजारीण तिला हबीबगंज स्टेशनवर सोडायला आलीय. निरोप झाला, डोळे पुसून झाले, पाया पडून झालं आणि मग कळतं की गाडी चार तास लेट आहे. आता दोघींनी बोलायचं काय? सगळं तर बोलून झालं! अर्धा तास त्या दोघी बाकड्यावर बसून भलतंच बोलतात. लोणचं, जाऊबाई, पंख्याचा आवाज, कोणी कोणाचा किसणीचा डबा परत केला नाही ते. आणि बोलता बोलता तेच निघतं, जे निरोपाच्या वेळी दोघींनीही गिळलं होतं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसत सुटले, आणि शेवटी पदर डोळ्यांना लावला. त्यांना मात्र सांगितलं, "बरं आहे. किसणीचं जरा लांबलंय."

मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांची जीभ अडखळायला लागली. आधी आम्हाला वाटलं कवळी. कवळी बदलली. मग वाटलं ऊन. शेवटी मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी यांना आणि मला समोर बसवून सांगितलं. जिभेच्या आणि गळ्याच्या नसा एकेक करून मरत चालल्या आहेत. आधी बोलणं जाईल, मग गिळणं, मग श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. औषध नाही. आम्ही बाहेर आलो तर सासूबाई बाकावर बसलेल्या. आमची तोंडं बघून म्हणाल्या, "क्षय नाही ना? मग चला, भूक लागली."

आणि खरंच जवाहर चौकात गाडी थांबवून आम्ही पोहे-जलेबी खाल्ली. मी पोहे नुसते चिवडत होते. त्यांनी दोन प्लेटी संपवल्या आणि वर मला दटावलं, "रडायचं असेल तर घरी जाऊन रड. इथं जलेबी गरम आहे." त्यानंतरचे दोन महिने ही बाई सुटलीच म्हणा ना. रोज काहीतरी चमचमीत. ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, पण थांबायच्या नाहीत. शेजारणींना फोन करून जुनी भांडणं मिटवली. एक मिटवलं नाही, ते मुद्दाम ठेवलं. मी ओरडायची, पथ्य, पथ्य! त्या म्हणायच्या, "जायचीच आहे ना जीभ? मग जोवर आहे तोवर तिला कामाला लाव." त्यातच एके दिवशी त्यांनी साड्यांच्या खालून ते दोरा ओवलेले कागद काढले.

"हे करायचं," म्हणाल्या. "मराठीत. माझ्या आवाजात. आवाज जायच्या आत."

तेवढंच मागितलं. आयुष्यभर या बाईने आमच्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मग आमच्या तुलसी नगरच्या क्वार्टरचं स्टेशन झालं. म्हातारी त्या स्वतः. शेजारणीच्या भूमिकेत खालच्या मजल्यावरच्या बाई, इंदूरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत. गाडी लेट असल्याची घोषणा आणि चहावाला, आमचे हे. आणि मी आवाजांची. ट्रंक फरशीवरून ओढायची, चहाचे ग्लास वाजवायचे, लांबून जवळ येणारी पावलं काढायची. "तुला बोलायचं नाही, फक्त आदळआपट करायची आहे," सासूबाई म्हणाल्या. "ते तुला छान येतं." इंदूरच्या बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला.

नियम कडक होते. कागदाचा आवाज करायचा नाही, वाचून झालेलं पान हळूच खाली सोडायचं. बांगड्या काढायच्या. फोन दाराशी टोपलीत ठेवायचे. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे तालमीत टेप फिरत नाही. त्यांच्या वेळी टेप जपून वापरायचे, हे कारण होतंच, पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. तालीम ही चुकण्यासाठी असते. चूक टिकून राहणार म्हटलं की माणूस चुकायला भितो, आणि मग काही देतच नाही. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की द्यायचं, तोवर शोधायचं. आम्ही टेप तरी कुठला आणणार? पण त्यांना सगळं टेपच. कोणाच्या हातात फोन दिसला की त्या म्हणायच्या, "टेप बंद."

पहिल्या दोन-तीन तालमी मी नियम पाळला. पण दर खेपेला त्यांचा एखादा शब्द मागच्या खेपेपेक्षा जड निघायचा. मी ट्रंक ओढता ओढता ते मोजत होते. आणि मला भीती वाटायला लागली. खरं सांगते, एवढी भीती मला माझ्या बाळंतपणातही वाटली नव्हती. शेवटी गणपतीत, षष्ठीच्या दिवशी, टोपलीत जुना बंद पडलेला फोन टाकला आणि माझा चालू करून लोडाच्या मागे ठेवला.

त्या दुपारी आई जे बोलल्या ते मी कधी ऐकलं नव्हतं. नागपूरची मराठी, हेल काढून, शब्द थोडे जिभेला चिकटत, पण त्या चिकटण्यामुळेच ती म्हातारी अगदी खरी वाटत होती. किसणीच्या डब्यावरून भांडताना इंदूरच्या बाई स्वतःचं वाक्य विसरल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. आमचे हे चहावाला होते, त्यांनी "चाय" एकदाच म्हटलं, दुसरी हाक दिलीच नाही. सगळं संपलं. गणपतीपुढचा पंखा तेवढा फिरत होता.

मला काही राहवलं नाही. संध्याकाळी त्या मोदकाचं सारण ढवळत होत्या, मी फोन घेऊन गेले. "आई, ऐका तर खरं, काय बोललात तुम्ही आज!" आणि लावलं.

त्या ऐकत राहिल्या. डाव हातातच राहिला. दोन मिनिटांनी त्यांचा चेहरा उतरला. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तोवर उशीर झाला होता. त्यांनी स्वतःचा आवाज आजारानंतर बाहेरून पहिल्यांदाच ऐकला होता. आतून त्यांना अजून सगळं स्वच्छच ऐकू येत असणार.

"ही कोण दारू प्यायलेली बाई आहे?" त्या म्हणाल्या.

"आई, असं नाही हो. किती छान..."

"पुस ते."

"आई..."

"तालमीत टेप फिरत नाही, सांगितलं होतं ना? हा माझा आवाज नाही. माझा आवाज मी रेकॉर्डिंगच्या दिवशी देईन. पुस."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या बाईच्या डोळ्यांत, ठसक्याचं सोडलं तर, मी बत्तीस वर्षांत पाणी पाहिलं नव्हतं. आणि बघा, या बत्तीस वर्षांत मी त्यांचं एक म्हणून ऐकलं नाही. आमटीत गूळ घालू नको म्हणाल्या, मी घातला. मुलाला पुण्याला पाठवू नको म्हणाल्या, पाठवला. उपास कर म्हणाल्या, त्या दिवशी मी मुद्दाम कांदाभजी केली. पण त्या संध्याकाळी कुठून माझ्यात ती गुणी सून शिरली कोण जाणे. "बरं आई," म्हणाले आणि त्यांच्या समोर, त्यांना दाखवून, बटण दाबलं. त्या परत सारण ढवळायला लागल्या.

रेकॉर्डिंगचं ठरवायला यांनी धावपळ केली. मार्केटात एक छोटा स्टुडिओ होता, तिथे एरवी रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती होत. मालक भला माणूस, म्हणाला, "अम्माजी का नाटक है, जब बोलो तब." पण विसर्जन झालं आणि इंदूरच्या बाईंनी कॅलेंडर दाखवलं. पितृपक्ष. या पंधरवड्यात नवीन काम? छे, छे! त्यांच्या आईने कधी या दिवसांत नवी केरसुणीसुद्धा घरात आणली नव्हती. सासूबाई हसल्या. शब्द जोडत जोडत म्हणाल्या, "मला तर... याच पंधरवड्यात... घ्यायला पाहिजे. मी तिकडचीच उमेदवार." सगळे हसलो. पण बाई हटेनात आणि त्यांच्याशिवाय नाटक कसं व्हायचं? मीही म्हटलं, चला, स्टुडिओला घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवसाची तारीख देऊ, तेवढी विश्रांती होईल, आवाज ताजा होईल. नसा मरत चालल्यात हे डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, आणि मी विश्रांतीचं बोलत होते. मूर्ख बाई!

पंधरवडा संपेपर्यंत त्यांचा आवाज गेला. एका सकाळी उठल्या आणि "चहा" म्हणायला गेल्या, तर नुसता स्वर बाहेर आला. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. मग माझ्याकडे बघून हाताने कप दाखवला. मी चहा केला, त्यांना दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

मला वाटलं, संपलं. पण घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साडी नेसून, केसांत गजरा घालून दारात उभ्या. नातवाची जुनी पाटी हातात. पाटीवर लिहिलेलं, "तारीख दिली आहे. कलाकार तारीख मोडत नाही." खाली आणखी एक ओळ होती. "म्हातारी तू कर."

स्टुडिओच्या दाराबाहेर चपलांचं एक रॅक होतं. त्यांनी बोटाने खूण केली तसे सगळ्यांनी फोन बंद करून त्याच्या वरच्या फळीवर ठेवले. आत मी माइकसमोर आणि काचेपलीकडे त्या. जुन्या रेडिओवाल्यांचं काचेतून हातांनीच बोलणं चालतं. पंजा ताणला की सावकाश, बोट गरगर फिरवलं की लवकर, तळहात छातीकडे आणला की जवळ ये. दोन तास त्या बाईने काचेतून माझ्याकडून वदवून घेतलं. मी चुकले की कपाळाला हात लावायच्या. ग्वाल्हेरचा हेल आला की नाक मुरडायच्या. चांगलं झालं की काही करायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. शेवटचं पान मी खाली सोडलं, मालकाने दिवा विझवला, आणि मी काचेकडे पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. सगळी वाक्यं त्या माझ्याबरोबर बिनआवाजाची म्हणत होत्या, सुरुवातीपासून.

घरी आल्यावर आम्ही ते ऐकलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "बरं आहे. म्हातारी ग्वाल्हेरची वाटते." मग पुसून लिहिलं, "किसणीचं लांबलंय, तुझं खरं होतं." मी म्हटलं, "बघा, शेवटी पटलं ना?" आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही, तसला त्यांचा स्वभाव नव्हता. वेणी मात्र सोडून पुन्हा नीट घातली.

पौषात त्या गेल्या, सकाळी, अंगावर ऊन घेत असताना. चौदा वेळा मरून झालं होतं, पण तेव्हा काहीच त्याप्रमाणे झालं नाही. मी शेजारी भाजी निवडत होते, आणि मला कळलंसुद्धा नाही. हाक मारली तेव्हा कळलं.

त्यालाही आता दीड वर्ष होईल. परवा पुण्याहून मुलाचा फोन आला. त्याची मुलगी तीन वर्षांची झाली, सारखी विचारते, पणजी कशी बोलायची? "आई, आजीचा आवाज आहे का गं कुठे? हिंदीतला नको, घरातला, मराठीतला." मी ते रेकॉर्डिंग पाठवलं. त्याचा लगेच परत फोन. "ही तर तू आहेस."

"हो, मीच आहे," मी म्हटलं. आणि मग जे मी यांनाही सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. लोडामागचा फोन, षष्ठीची तालीम, सारणाचं पातेलं, सगळं.

तो हळूच म्हणाला, "आई, फोनमधून पुसलेलं लगेच जात नाही गं. त्या रेकॉर्डरमध्ये आत एक डबा असतो, त्यात महिनाभर पडून राहतं. मला तेव्हा नुसतं विचारलं असतंस तर." आणि लगेच म्हणाला, "जाऊ दे, जाऊ दे, मी उगाच बोललो."

फोन ठेवला आणि कपाटातून त्या वर्षाचं कॅलेंडर शोधून काढलं. षष्ठीपासून बोटं ठेवत गेले. विसर्जन, पितृपक्ष, अमावस्या, घटस्थापना, तिचा दुसरा दिवस. सव्वीस दिवस. दोनदा मोजले, सव्वीसच. म्हणजे मी आत काचेसमोर त्यांची वाक्यं माझ्या तोंडाने म्हणत होते, त्या पलीकडे ओठ हलवत बसल्या होत्या, आणि त्यांचा अख्खा आवाज, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत, बाहेर चपलांच्या रॅकवर माझ्या बंद फोनमध्ये होता. कोणीतरी नुसतं उठून दार उघडायचं होतं.